मंजुळाबाईंचा आवाज कोणी नेला?

१

कॅबिनेटची बाजू सरकवली आणि माझा हात तिथंच थांबला. रॅमची जागा रिकामी होती.

रॅमवर धूळ बसते, कधी ती सैल होते, कधी जळते. पंधरा वर्षं उस्मानपुऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतोय, हे सगळं पाहिलंय. पण घरात ठेवलेल्या चालत्या कॉम्प्युटरमधून रॅमची पट्टीच नाहीशी झालेली पहिल्यांदाच बघत होतो.

"काय झालं रं इंद्रजीत?" मल्हारीकाका मागून वाकून बघत होते. "जीव हाये ना त्यात?"

मल्हारी शिंगाडे जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले. मूळ गाव अजिंठ्याकडं, घराण्यात मेंढरं. आता आमच्या मागच्या गल्लीत तीन खोल्यांचं घर. घरात ते, त्यांच्या पत्नी मंजुळाबाई, वाळूजच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करणारा मुलगा रामेश्वर, आणि कॉलेजसाठी आजोळी राहायला आलेली नात अक्षदा.

आठ महिन्यांपूर्वी मंजुळाबाईंच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. बाईंना मेंढरांमागं फिरताना म्हटलेली गाणी पाठ होती, किती ते त्यांनाही माहीत नव्हतं. अक्षदानं एक माइक आणला, ऑपरेशनच्या आधीचे आठ दिवस आजीला या कॉम्प्युटरपुढं बसवलं आणि मावेल तेवढं भरून घेतलं. ऑपरेशन नीट झालं. जीव राहिला, आवाज गेला. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं.

तेव्हापासून सात महिने मल्हारीकाका रोज दिवेलागणीला कॉम्प्युटरपुढं बसून तो आवाज ऐकायचे. त्याची दुसरी प्रत नव्हती. काकांनीच करू दिली नव्हती. "घरातला आवाज घराभाईर जाणार नाय," म्हणायचे.

पंधरा दिवसांपूर्वी हे मशीन एकदा बंद पडलं होतं. तेव्हा खरंच धूळ होती. मी प्लग काढला, दोन्ही बाजूंचे चाप दाबून रॅम बाहेर काढली, खोडरबरानं पुसली आणि परत बसवली. अक्षदा कॉलेजात होती, काका शेजारी बसून बघत होते. चहा आला, तो प्यालो आणि दुकानात परतलो.

आज तीच रॅम गायब. बटण दाबलं की पंखा फिरत होता, पडदा काळा राहत होता आणि आतून नुसती टूं-टूं.

"कोणी उघडला होता का हा?"

"नाय बा. काल संध्याकाळी लावाया गेलो तर असं."

"काल दुपारी घरी कोण होतं?"

"कोणीच नाय. म्या पेन्शनवाल्यांच्या बैठकीला, रामेश्वर कंपनीत, आन् ही कॉलेजात."

मी टॉर्च मारून नीट पाहिलं. चाप दोन्हीकडचे व्यवस्थित उघडले होते. नवख्या माणसानं पट्टी ओढून काढली असती तर एखादा तरी तुटला असता. स्क्रू परत घट्ट बसवलेले. वरचं विणलेलं आच्छादन जसंच्या तसं. एका स्क्रूच्या खाचेत काहीतरी पांढुरकं अडकलं होतं. धूळ समजून मी फुंकर मारली.

बॅगेतली एक जुनी रॅम बसवली. मशीन सुरू झालं. काकांनी घाईघाईनं फाइल लावली आणि माळावरून मेंढरं माघारी बोलावणारी एक लांब, भरदार हाक खोलीभर पसरली. काकांनी डोळे मिटले.

अक्षदा शेजारी उभी होती. "काका, आजीचा आवाज त्या पट्टीत असतो का?"

"नाही गं. पट्टी नुसती मशीन चालायला लागते. आवाज इथं आहे." मी हार्ड डिस्कच्या चपट्या डबीवर बोट ठेवलं. "ही गेली की सगळं गेलं."

तेवढ्यात चहा आला. मी कप घेतला, साखर कमी आहे म्हणालो आणि अक्षदाला डिस्कच्या दोन वायरी दाखवत राहिलो.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, काकांचा फोन आला.

"इंद्रजीत, आता पडदा काळा नाय. पांढरी इंग्रजी अक्षरं येऊ लागलीत."

त्यांनी एकेक अक्षर जुळवून वाचायला सुरुवात केली. पुरं वाचायच्या आतच मी बॅग उचलली.

२

डिस्क नव्हती. चारही स्क्रू टेबलावर एका ओळीत ठेवलेले होते.

मल्हारीकाका पलंगाच्या कडेला बसले होते. दवाखान्यात माजलेला वळू एकट्यानं आवरणारा हा माणूस. त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

"आजबी दुपारी म्या भाईर, घरी कोणीच नाय. पोलिसांत जाऊ का?"

"पोलीस काय शोधतील, काका? कडी तुटली नाही, कपाट उघडलं नाही. टीव्हीसुद्धा जागेवर आहे."

"म्हंजी घरातलंच."

मी टेबलावरचे स्क्रू गोळा करू लागलो. मग तेच म्हणाले, "तू इचार त्यांना. म्या इचारलं तर घर मोडंल."

अक्षदा बाहेर ओट्यावर बसली होती. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "आबांना माझाच संशय आहे ना? मागच्या महिन्यात आमचं भांडण झालं. मी म्हटलं, आजीची गाणी सगळ्यांना ऐकू द्या, मी नेटवर टाकते. आबा म्हणाले, तिचा बाजार मांडू नको. मग मीही बोलले, एक दिवस घेऊनच जाईन म्हणून."

"मग नेलीस?"

"काका, मला गाणी हवी होती. पेन ड्राइव्ह लावला असता तर दहा मिनिटांचं काम होतं आणि कोणाला पत्ताही लागला नसता. डिस्क उपटून आबांना रडवायची काय गरज?"

बरोबर होतं. जिला प्रत काढता येते, ती मूळ चोरून गाजावाजा कशाला करेल? शिवाय आज दुपारी तिचं प्रॅक्टिकल होतं, शिक्षकांची सही तिनं मला वहीत दाखवली.

मी उठलो तशी ती हळूच म्हणाली, "मामाला विचारा. पंधरवड्यापूर्वी त्यानं आबांच्या देखत कॉम्प्युटरची वायर उपटली होती."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी वाळूजची कंपनी बस जिथं थांबते तिथं मी रामेश्वरला गाठलं. तिशीचा, शांत, खांद्यावर डब्याची पिशवी. वायरीचं विचारल्यावर त्यानं मान खाली घातली.

"उपटली. नाकारत नाय. त्या दिवशी नाइट करून आलो होतो. दिवसभर झोपलो, संध्याकाळी जाग आली तर मायचा आवाज. अर्धवट झोपेत वाटलं, सगळं ठीक हाये, माय मला च्यासाठी हाक मारू लागली. ओ दिली म्या. मग आठवलं." त्यानं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "रोज असं व्हायचं. रोज माय पुन्यांदा मुकी व्हायची. लई झालं म्हणून उपटली."

"आणि डिस्क?"

"ती कशी दिसती तेबी मला म्हाईत नाय, भाऊ. तुम्ही दोनदा आलात, दोन्हीदा म्या ड्यूटीवर. म्या प्रेसवर पत्रे दाबायचं काम करतो. मला राग आला असता तर आख्खा डबा उचलून गच्चीवरून फेकला असता. स्क्रू काढून ओळीनं ठिवत बसलो असतो व्हय?"

बस आली. चढता चढता तो वळला. "सापडली तर मला सांगा. चिडलो असलो तरी मायचाच आवाज हाये तो."

आता माझ्याकडं संशयित उरला नव्हता.

४

दुकानात आल्यावर मी एका जुन्या बिलाच्या पाठीवर लिहून काढलं.

ज्यानं रॅम नेली त्यानं मला ती काढताना पाहिलं होतं, नाहीतर चाप शाबूत राहिले नसते. म्हणजे तो माणूस माझ्या पहिल्या भेटीला हजर होता. रॅम नेऊनही आवाज बंद झाला नाही, मी दुसरी पट्टी बसवून तो परत आणला. मग मी सर्वांसमोर सांगितलं की आवाज डिस्कमध्ये असतो, आणि तीन दिवसांत डिस्क गेली. म्हणजे तो माणूस दुसऱ्या भेटीलाही हजर होता.

रामेश्वर दोन्हीदा नव्हता. अक्षदा पहिल्यांदा नव्हती. दोन्हीदा त्या खोलीत मल्हारीकाकाच होते.

मला ते पटेना, आणि कागदावरचं खोडताही येईना. नात डिस्क घेऊन जाईल या भीतीनं म्हाताऱ्यानं ती स्वतःच लपवली असेल? आणि लपवल्यावर एवढं रडला असेल? तरी विचारायला तर हवंच होतं. दुपारी एक वाजता मी त्यांच्या गल्लीत शिरलो.

शेजारच्या दारात केसरबाई मेथी निवडत बसल्या होत्या. साठीच्या, तोंडानं फटकळ. मी थांबलो.

"मावशी, काल दुपारी शिंगाड्यांकडं कोणी आलं होतं का?"

"कोण येणार? म्याच व्हते तिथं, एक वाजल्यापून. तिनाला नळ आला म्हणून उठले."

"तुम्ही? पण काल दुपारी घरी कोणीच नव्हतं. काका बाहेर, रामेश्वर..."

केसरबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"कोणीच नव्हतं? आन् मंजुळा काय खुंटीला टांगलेलं लुगडं हाये?"

माझी नजर शिंगाड्यांच्या दाराकडं गेली.

"रोज दुपारच्याला आम्ही बोलत बसतो," त्या म्हणाल्या.

"बोलत? त्यांना तर..."

"तिला बोलता येतं. बघावं लागतं तिच्याकडं. तिच्या घरच्यांना येळ नाय, आन् तुमालाबी नाय."

मी तिथंच उभा राहिलो. दोन्ही वेळा चहा आला, असं मी म्हणत होतो. चहा आपोआप येत नाही. तो कोणीतरी करतं, खोलीत आणतं, कप हातात देतं आणि रिकामा होईपर्यंत दाराशी उभं राहतं. पहिल्या वेळी मी चाप दाबत होतो तेव्हा दाराशी कोण होतं? दुसऱ्या वेळी, "आवाज इथं आहे" म्हणून मी डबीवर बोट ठेवलं तेव्हा? मला साडीचा रंगही आठवेना.

घरात स्क्रूड्रायव्हर नव्हता, पहिल्या भेटीतच काका तसं म्हणाले होते. मग स्क्रू कशानं फिरवले? खाचेतलं ते पांढुरकं आठवलं. मी फुंकर मारली तेव्हा ते उडालं नव्हतं, चिकटून राहिलं होतं. धूळ तशी चिकटत नाही, ओलं पीठ चिकटतं.

५

मंजुळाबाई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होत्या. गळ्याभोवती पांढरा रुमाल, श्वासाबरोबर हलणारा. परातीच्या कडेला कांदा कापायची सुरी पडली होती, टोक किंचित वाकलेलं.

मी दारात उभा राहिलो. तीनदा या घरात आलो होतो, आणि साखरेखेरीज या बाईंशी एक शब्द बोललो नव्हतो.

"मावशी," मी म्हणालो, "तुम्हाला विचारायचंच राहून गेलं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. घाबरल्या नाहीत. तव्यावरची भाकरी उतरवली, गॅस बंद केला, हात धुतले. पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली आणि तिच्या तळातून नव्या खणात गुंडाळलेलं बोचकं काढलं. आत रॅमची पट्टी होती आणि डिस्क. दोन्हीवर ओरखडासुद्धा नव्हता. फोडायचं असतं तर घरात वरवंटा होता.

मागं चपलांचा आवाज झाला. मल्हारीकाका आले होते, त्यांच्यामागून अक्षदा. काकांनी बोचक्याकडं पाहिलं, मग बायकोकडं.

"तू?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

"का गं? अगं, तुझाच तर आवाज हाये. का?"

मंजुळाबाईंचे हात हलू लागले. भराभर. कॉम्प्युटरच्या खोलीकडं, स्वतःच्या छातीकडं, शेगडीकडं, डोळ्यांकडं. काका नुसते बघत राहिले. "पाणी पायजे का? बरं वाटंना का?" बाईंनी हात झटकला आणि पहिल्यापासून परत सुरू केलं. अक्षदा पुढं झाली. "आजी, तू आबांवर चिडलीस का?" तेही नव्हतं. मग अक्षदा मागं सरली. ज्या बाईचा शब्द न् शब्द तिनं साठवून ठेवला होता, तिचं एक वाक्य तिला कळत नव्हतं.

मीच जाऊन केसरबाईंना बोलावून आणलं.

त्या मेथीचे हात पदराला पुसत आल्या, मंजुळाबाईंच्या समोर बसल्या आणि बघत बघत बोलू लागल्या.

"ती म्हणती, रोज दिवे लागले की तुम्ही त्या बाईपाशी जाऊन बसता. ती गाती, तुम्ही डोळे पुसता. म्या हितं आत बसून ऐकते. च्या आणून देते तर कप घेता, वर बघत नाय." केसरबाईंनी पुढच्या खुणा पाहिल्या. "ती म्हणती, पहिल्यांदा पट्टी नेली. वाटलं, आता गप बसंल. ह्या पोरानं दुसरी लावली. मग डबी नेली. फेकाया निघाले व्हते, हात झाला नाय. आवाज माझाच हाये."

मंजुळाबाईंनी दोन्ही तळवे स्वतःच्या छातीवर ठेवले आणि पुढं वाकल्या.

"ती म्हणती," केसरबाईंचा फटकळ आवाज पार उतरला, "म्या मेले नाय."

मल्हारीकाका खाली बसले. भिंतीला टेकून, फरशीवरच.

"मला वाटलं, तिलाबी बरं वाटंल ऐकून," ते म्हणाले.

"इचारलं व्हतं का कवा?" हे मात्र केसरबाईंचं स्वतःचं होतं.

काकांनी नकारार्थी मान हलवली. मग हात पुढं करून डिस्क उचलली, खणात जशी होती तशी गुंडाळली आणि मंजुळाबाईंच्या मांडीवर ठेवली. "तुझं हाये. तुझ्यापाशी ठिव."

मी बॅग उचलून निघालो. संध्याकाळी रामेश्वरला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. पलीकडं मशीनचा आवाज येत होता. "म्या तर सात महिने घरातच व्हतो, भाऊ," तो म्हणाला.

६

चार महिन्यांनी अक्षदाचा फोन आला. आजी हो म्हणाली होती. पण सगळ्याला नाही. काय ठेवायचं ते ती स्वतः ऐकून ठरवणार होती.

रविवारी सकाळी मी गेलो, डिस्क बसवली. मशीन एका झटक्यात सुरू झालं. या वेळी खुर्चीवर मंजुळाबाई होत्या. काका शेजारी स्टुलावर, रामेश्वर दाराला टेकून. चहा करायला अक्षदा गेली होती. मी कप घेतला तेव्हा आधी तिच्या तोंडाकडं पाहिलं. सवय लावून घेत होतो.

एकेक फाइल मी लावत होतो. मेंढरांची गाणी. हो. जात्यावरची. हो. पोरांना निजवायची. त्यावर त्या जरा थांबल्या, रामेश्वरकडं पाहिलं, मग हो. हो म्हणताना त्या बोटं मिटून मूठ पोटाशी घ्यायच्या. काका सोबत तोंडानं म्हणत होते, "ठिव म्हणती." एक-दोनदा त्यांचं चुकलं. बाईंनी त्यांच्या गुडघ्यावर चापट मारून परत करून दाखवलं. सात महिने वाया गेले होते आणि काका ते भरून काढायला बघत होते. त्या वयात बोटांची भाषा लवकर येत नाही.

शेवटची फाइल ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची होती. तिच्यात गाणं नव्हतं. बाई नुसत्या बोलत होत्या, काकांशी. "अवं, ऐकता का? उद्या माझा आवाज गेला, तर तुम्ही मला इसरताल का? मला लई भ्या वाटू लागलंय..." पुढं रडणं होतं, आणि मध्येच हसणं, आणि मग कितीतरी वेळ काही नाही, फक्त श्वास.

अक्षदा मला हळूच म्हणाली, "आबा शेवटी रोज हेच लावायचे."

फाइल संपली. मंजुळाबाईंनी हात छातीशी नेला, बोटं थरथरवली आणि काहीतरी उचलून खांद्यावरून मागं टाकावं तसं केलं. मी केसरबाईंना बोलवायला उठणार होतो.

"थांब," काका म्हणाले. "मला कळलं." ते स्टुलावरून पुढं सरकले. "म्हणती, ती बाई उद्याला भ्याली व्हती. तो उद्या होऊन गेला. तिला ठिवू नगा."

बाईंनी मान हलवली. बरोबर होतं.

"काका," मी म्हणालो, "पुसली की परत येणार नाही. विचार करा."

सात महिने रोज संध्याकाळी त्यांनी शेवटी हीच फाइल ऐकली होती. त्यांनी एकदा तरी स्पीकरकडं बघावं, नको म्हणावं, निदान मला थोडं थांबवावं, म्हणून मी बोट कीवर ठेवून थांबलो.

ते माझ्याकडं बघतच नव्हते. त्यांचं लक्ष बायकोच्या हातांकडं होतं.

मी की दाबली.